बायकांचं बोलणं स्पष्ट येत नाही

तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. तेरा दिवस लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलले. मेलेल्याबद्दल तसंच बोलतात, त्यात त्यांची काही चूक नाही. आता मी लिहिते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, हळू लिहिते, आणि चांगलंच लिहीन असं कबूल करत नाही.

बसायला आलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य होतं. "भाऊंचा कान म्हणजे कान होता!" जामनेरचे आले, गल्लीतले आले, तुमचं ऐकून स्पीकर घेतलेले आले. एकाने तर तिसऱ्याच दिवशी जावयांना बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ गेले ते वाईटच झालं हो. पण ते कोणत्या कंपनीचे घ्या म्हणत होते?" मी पदर डोळ्यांना लावून बसले होते, म्हणून त्यांना वाटलं मी रडते आहे. मी रडत नव्हते. माझ्या मनात एकच होतं. मी न्हाणीत पडून हाका मारत होते, तेव्हा हा तुमचा कान कुठे गेला होता?

मला तुम्हाला एवढंच विचारायचं होतं. त्या दिवशी हाक ऐकू आली होती की नव्हती? तुम्ही तर स्वतःच्या तोंडाने सांगितलंत की आली होती. तेवढ्यावरून मी तुमच्याशी चार महिने बोलले नाही. पाचव्या महिन्यात तुम्ही गेलात. अबोला मी धरला होता आणि मोडायचाही मीच होता, पण मी मोडला नाही.

आधी मला स्पीकरबद्दल बोलू द्या. तुमच्याबद्दल बोलायचं तर त्यांना टाळून चालत नाही.

जामनेरचा मंडपाचा धंदा तुम्ही बंद केलात, लाऊडस्पीकरचे कर्णे विकलेत आणि आपण जळगावला या तीन खोल्यांत आलो. मला वाटलं, आता तरी घरात शांतता नांदेल. चाळीस वर्षं लग्नं, कीर्तनं, उरूस, निवडणुका, सगळीकडे तुम्ही कर्ण्याखाली उभे. आता बसाल, दोन घास निवांत खाल, माझ्याशी बोलाल. पण आलात तसे ते दोन लाकडी डबे घेऊन आलात. बुकशेल्फ स्पीकर म्हणालात. मी विचारलं, म्हणजे काय? तुम्ही सांगितलंत, पुस्तकाच्या फळीवर ठेवायचे. घरात पुस्तकं दोनच, पंचांग आणि गॅसचं पुस्तक, आणि दोन्ही खिळ्याला टांगलेली. मग माझ्या पितळी डब्यांची फळी रिकामी झाली. माझे डबे खाली उतरले, तुमचे डबे वर चढले.

"भिंतीपासून वीतभर पुढे पाहिजेत," तुम्ही म्हणालात.

"मग फळीवरून पडतील ना."

"तुले काय समजतं त्यातलं?"

हे वाक्य मी तुमच्याकडून किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. तुले काय समजतं. मला खरंच काही समजत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की रोज संध्याकाळी गल्लीतले चार रिकामे पुरुष येऊन बसतात, मी चहा करते आणि तुम्ही त्यांना शिकवता. दोन डबे आणि तुमची खुर्ची यांचा त्रिकोण झाला पाहिजे. माणूस बरोबर मध्ये बसला पाहिजे, हातभर इकडे नाही, तिकडे नाही. सिनेमावाल्याला धमाका लागतो आणि गाणंवाल्याला गाणं लागतं, दोघांना एकच जोडी देणारा दुकानदार चोर. स्वस्तातले घ्या, पण दहा जोड्या ऐकून घ्या. आणि शेवटी नेहमीचं, "ढोलकी कोणीही वाजवून दाखवेल. टाळ ऐकू येतात का ते पाहा. टाळावर स्पीकर पारखायचा."

या टाळापायी तुम्ही तीन जोड्या परत केल्यात. पहिली आली, आठ दिवस वाजली आणि तुम्ही मान हलवलीत. "पखवाज आहे. टाळ मेले आहेत याच्यात." दुसरीतही मेले. तिसरीतही मेले. चौथी परत घ्यायला दुकानदार तयार होईना, म्हणून ती घरात राहिली. तुमचं ऐकून गल्लीतल्या दोघांनी चांगले वाजणारे स्पीकर परत केले. त्यांना टाळ ऐकू येत होते. पण भाऊ म्हणतात मेले, म्हणजे मेलेच असतील, आपल्याच कानात काही बिघाड असेल, असं त्यांना वाटलं.

धुळ्याला सुनंदाकडे गेलो होतो तेव्हाचं आठवतं. आपल्या एकुलत्या एका लेकीच्या घरी आपण वर्षातून दोनदा जायचो, आणि त्या खेपेला जावयांनी हौसेने होम थिएटर आणलं होतं. पाच छोटे डबे आणि जमिनीवर एक मोठा. सिनेमात दरवाजा आपटला की खिडकीची काच हलायची. जावई तुमच्या तोंडाकडे बघत उभे होते, परीक्षेला बसल्यासारखे. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, "दणका आहे. टाळ नाहीत." सिनेमात टाळ कुठले? पण जावयांचा चेहरा उतरला. विहीणबाईंनी सावरून घेतलं. "भाऊ, आमले काय समजस त्यामा? दणकन वाजनं म्हंजे बठ्ठं वनं." दणकन वाजलं म्हणजे सगळं आलं, असं त्यांचं म्हणणं. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही विहीणबाईंच्या तोंडाकडे बघत राहिलात आणि जरा वेळाने म्हणालात, "हो, हो." मला राग आला होता. वाटलं, किती हा माज, विहिणीच्या थट्टेलाही उत्तर द्यायचं नाही!

आता कळतं. तुम्हाला ती थट्टा पोचलीच नव्हती.

पण तेव्हा कसं कळणार? मी तुम्हाला पन्नास वर्षं नावाने हाक मारली नाही. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी "आयकलं का?" म्हणायची, माझी आई माझ्या बापाला म्हणायची तसंच. लग्न झालं तेव्हा तुमच्या मंडपातले गडी चेष्टा करायचे, भाऊंचं खरं नाव आयकलंका आहे म्हणून. तुम्हीही हसायचा. म्हणायचा, "दुसऱ्या कोणाले दोनदा हाक मारावी लागते. हिची एकदाच येते, अन् उठावंच लागतं."

नंतर नंतर तुम्ही उठेनासे झालात. कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, मी अंगणात असायची, डाळ करपून जायची आणि तुम्ही गॅसपासून दहा पावलांवर बसलेले असायचा. मी म्हणायची, "शिट्टी ऐकू येत नाही का?" तुम्ही म्हणायचा, "माझं ध्यान नव्हतं." बरं, बहिरा माणूस कशालाच ओ देत नाही, असंच मला माहीत. तुम्ही तर ओ देत होता. गल्लीतून कोणी जाड्या आवाजात "भाऊ!" म्हटलं की तुम्ही ताडकन उठायचा. जावयांचा फोन आला की नीट बोलायचा, आणि सुनंदा बोलायला लागली की फोन माझ्याकडे द्यायचा. ट्रक गेला तर म्हणायचा, भरलेला आहे. मग मी काय समजायचं? परक्याचं सगळं ऐकू येतं, लेकीचं नको असतं आणि बायकोचं ऐकायचंच नसतं. माझ्या जागी कोणतीही बाई हेच समजली असती.

आता त्या दिवसाकडे येते.

सकाळचे अकरा वाजले असतील. मी न्हाणीत कपडे भिजवायला गेले आणि साबणावरून पाय सरकला. उजवा हात अंगाखाली आला, त्यातून कट्‌ असा आवाज झाला, तो मला ऐकू आला. उठताच येईना. तुम्ही पुढच्या खोलीत होता. भजन लावलं होतं, फार मोठ्याने नाही. मधली खोली, स्वयंपाकघर आणि मग न्हाणी. दारं उघडी होती. मी हाक मारली, आयकलं का! पुन्हा मारली. मग मारतच राहिले. आवाज चिरकला, घसा बसला. तुमच्या भजनातले टाळ मला न्हाणीत पडल्या पडल्या स्वच्छ ऐकू येत होते, एकेक. एक भजन संपलं, दुसरं लागलं. तुम्ही मध्ये एकदा खाकरलात, तेही मला ऐकू आलं. मी म्हटलं, आता उठतील. तुम्ही उठला नाहीत.

शेजारची लताबाई विरजण मागायला आली म्हणून मी उठले. ती पुढचं दार थापटत होती. ते थापटणं तुम्हाला ऐकू आलं, तुम्ही दार उघडलंत. ती सरळ आत आली आणि तिनेच मला पाहिलं. ओरडली. तुम्ही तिच्या मागून आलात आणि न्हाणीच्या दारात उभे राहिलात. मी खाली, हात वाकडा, लुगडं भिजलेलं.

"केव्हा पडलीस?" तुम्ही विचारलंत.

"हाका मारून मारून घसा फुटला माझा. ऐकू आली नाही का?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग लताबाईकडे बघितलंत. आणि म्हणालात, "आली. मले वाटलं, उगाच मारतेस."

लताबाईच्या तोंडाचा आ झाला. मी तुम्हाला त्यावर काही बोलले नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

लताबाईने संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला सांगितलं. भाऊंना ऐकू येत होतं बरं का, बसून राहिले, भजन ऐकत. वहिनी पडलेली. मला कोणी विचारलं तर मी नाही म्हटलं नाही. का म्हणू? तुम्हीच तर म्हणाला होता.

सुनंदा धुळ्याहून आली, पंधरा दिवस राहिली. माझा हात प्लॅस्टरमध्ये होता. ती दोन्ही बाजूंनी समजूत घालून दमली. "आई, बोल ना भाऊंशी." मी म्हटलं, "त्यांना माझं बोलणं उगाच वाटतं. उगाच कशाला बोलू?" ती गेल्यावर घरात आपण दोघंच. मी ताट वाढायची आणि जमिनीवर आदळायची. तुम्ही यायचा. जेवायचा. उठायचा. मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? तुम्ही सुखात दिसत होता. कुरकुर नाही, चिडचिड नाही. पूर्वी मी काही बोलले की कपाळाला आठ्या पडायच्या, काय, काय म्हणतेस, जरा नीट बोल. त्या सगळ्या आठ्या गेल्या. मी म्हणायची, बघा, बायको गप्प बसली तर माणूस कसा फुलतो!

आता वाटतं, तुम्हाला सुटका झाल्यासारखं वाटलं असेल. कोणी बोलतच नाही तर ऐकू येण्याचं सोंग करावं लागत नाही. मी तुम्हाला शिक्षा देत होते आणि तुम्ही त्या शिक्षेत विश्रांती घेत होता. हे मला अजून पचत नाही.

तेराव्याच्या संध्याकाळी, गोडाचं जेवण झाल्यावर, घरची माणसं तेवढी राहिली होती. सुनंदा, जावई, विहीणबाई आणि मी. जावई तुमचा फोन बघत होते. त्यांना तुमची मतं सापडली. मला माहीतच नव्हतं. तुम्ही एका बोटाने टकटक करत काहीतरी लिहायचा हे मी बघायची, पण कोणाला तरी पत्र असेल म्हणून सोडून द्यायची. तुम्ही तर घेतलेल्या प्रत्येक जोडीवर आपलं मत इंटरनेटवर लिहून ठेवलं होतं, सगळ्या जगाने वाचावं म्हणून, आणि तेही मराठीत. सुनंदा मोठ्याने वाचायला लागली.

"जोडी देखणी आहे. पखवाज चांगला. टाळ मेले आहेत. घरात बाईमाणूस असल्यास तिला विचारून जागा ठरवावी, नंतर कटकट होते. तीन तारे."

विहीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही हसू आलं, तुम्ही जाऊन तेरा दिवस झालेले असताना. पुढचं तिने वाचलं.

"होम थिएटर म्हणून विकतात. थिएटर आहे, होम राहत नाही. जावयाकडे ऐकले. दोन तारे."

जावई म्हणाले, "मला तर तोंडावर दणका आहे म्हणाले होते!" कान त्यांचे लाल झाले, पण हसले. तुमच्या मरणानंतर घरात पहिल्यांदा हसणं झालं. तुम्ही माणूस गमतीचे होता. ते मी विसरले होते.

मग सुनंदा थांबली. तिने शेवटचं मत मनातल्या मनात वाचलं. मी म्हटलं, "मोठ्याने वाच." ती म्हणाली, "आई, हे तुझा हात मोडला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं आहे."

"वाच."

"सहा महिने वापरले. गाण्याला बरे. सिनेमा आणि मालिकांसाठी घेऊ नयेत. पुरुषाचं बोलणं स्वच्छ येतं. बायकांचं बोलणं स्पष्ट येत नाही. बाई बोलली हे कळतं, काय बोलली ते कळत नाही. पुष्कळदा बोलली हेही कळत नाही. कंपनीने यात लक्ष घालावं. दोन तारे."

सुनंदाने बोट खाली सरकवलं. त्याच्या खाली एका माणसाने तुम्हाला उत्तर लिहिलं होतं. काका, माझ्याकडे हेच स्पीकर आहेत, सगळं स्वच्छ ऐकू येतं, रागावू नका, एकदा कान तपासून घ्या. आणि त्याच्या खाली तुम्ही, "कानाचं आम्हाला शिकवू नये. कर्ण्यांच्या धंद्यात आयुष्य गेलं. घरची दोन खोल्यांपलीकडून हाक मारते ती इथे ऐकू येते."

हे उत्तर तुम्ही लिहिलंत तेव्हा मी हाक मारणं सोडून महिना झाला होता.

जावई उठले. म्हणाले, बघू तरी कसे वाजतात. तेरा दिवस बंद असलेलं मशीन त्यांनी लावलं. तुमचंच भजन लागलं. विहीणबाईंनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "बंद करा वो ते! कान फुटतीन मना." आवाज मोठा नव्हता, पण टाळ असे की कोणी कानात सुई घालावी. जावयांनी वाकून बघितलं. टाळासारख्या बारीक आवाजाचं बटण होईल तेवढं वर फिरवलेलं होतं, शेवटच्या रेघेपर्यंत.

"भाऊ एवढ्यावर ऐकत होते?" ते म्हणाले. "आणि तरी म्हणायचे टाळ नाहीत?"

मग त्यांनीच मला समजावलं. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं. वय झालं, आणि त्यात आयुष्यभर मोठा आवाज सोसला, की आधी बारीक आवाज जातात. टाळ जातात, शिट्टी जाते, बायकांचा आणि पोरांचा आवाज जातो. जाडा आवाज शेवटपर्यंत राहतो. म्हणून तर समोरच्याला वाटतं, याला हवं तेवढंच ऐकू येतं.

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. न्हाणीत पडले होते तेव्हा मला टाळ ऐकू येत होते. दोन खोल्यांपलीकडून, गाण्यातलं काही न समजणाऱ्या मला. आणि तुम्ही त्यांच्या समोर बसून, ते मेले आहेत म्हणून जगाला सांगत होता. हे मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. माझ्याकडे सगळं होतं. करपलेली डाळ होती, लेकीचा फोन होता, टाळ होते. पण मी दुखावलेली होते, आणि दुखावलेल्या माणसाला एकच गोष्ट दिसते.

म्हणजे हाक आली नव्हती. तुम्ही खोटं बोललात. लताबाई उभी होती म्हणून खोटं बोललात. ज्या गल्लीत तुमच्या कानाचं नाव, त्या गल्लीच्या बाईपुढे बहिरं ठरायचं नव्हतं. त्यापेक्षा बायको पडलेली असताना बसून राहणारा माणूस ठरणं तुम्हाला चाललं. नालायक म्हटलेलं चालेल, बहिरा म्हटलेलं नको. बरं, लताबाईपुढे नाही तर नाही. ती गेल्यावर का नाही सांगितलंत? रात्री? दुसऱ्या दिवशी? दुसऱ्या दिवशी तुम्ही सांगितलंत, पण कंपनीला. कंपनीने लक्ष घालावं! मी चार पावलांवर होते हो. माझा हात गळ्यात बांधलेला होता. मला सांगितलं असतंत तर मी लक्ष घातलं नसतं का?

मी काय केलं असतं तेही सांगते. आधी चार शब्द सुनावले असते, तेवढा माझा हक्क होता. मग मशीन घ्यायला लावलं असतं, कानाचं. आणि तुम्ही घातलं नसतं तर तुमच्यासमोर येऊन बोलले असते. एवढंच होतं ते. यासाठी तुम्ही मला चार महिने दगडाबरोबर राहायला लावलंत.

एक गोष्ट मला फार छळते. मी पडल्यानंतर आठवड्याभरात तुम्ही खुर्ची हलवलीत. तुम्ही, ज्यांनी गल्लीतल्या पुरुषांना, ते हातभर सरकले तरी, ओरडून त्रिकोणात बसवलं, त्या तुम्ही खुर्ची एका स्पीकरला जवळजवळ पाठ करून ठेवलीत. तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथून मधली खोली आणि स्वयंपाकघर ओलांडून न्हाणीचा उंबरा दिसतो. लोक विचारायचे, भाऊ, असे कसे बसलात? तुम्ही म्हणायचा, पाठ दुखते. मी मनात म्हणायची, आता हे माझ्यावर पहारा ठेवतात, काय करते, कोणाशी बोलते. मी मुद्दाम दाराआड बसून भाजी चिरायची. तुम्ही मान लांब करून बघायचा. मी अजून आत सरकायची.

चार महिने तुम्ही गाणं वाकड्या कानाने ऐकलंत, माझ्यावर डोळा ठेवून. हाक ऐकू येणार नाही हे तुम्हाला कळलं होतं, म्हणून बघत होता. मला ते प्रेम वाटलं नाही, कारण तुम्ही ते मला सांगितलं नव्हतं. आता वाटतं. आता वाटून काय करू?

आणि एक चांगलं लिहिते, म्हणजे माझ्यावरही बट्टा नको. जामनेरला असताना लग्नसराईत तुम्ही तीन तीन दिवस घरी नसायचा. परत आलात की अंगणात बाजेवर पडायचा आणि म्हणायचा, "बोल काहीतरी. कान नुसते वाजताहेत. तू बोललीस म्हणजे उतरतं." मी काय बोलायची? कोणाची म्हैस व्याली, कोणाची सून माहेरी गेली, मुक्ताईनगरला कोण जाऊन आलं. तुम्ही डोळे मिटून ऐकायचा. मध्येच मी थांबले तर म्हणायचा, "थांबू नको." माझ्या बोलण्यात शहाणपण होतं असं तेव्हाही कोणी म्हणालं नसतं. पण एका माणसाला ते औषधासारखं लागत होतं. मी चौथी शिकलेली बाई, मला आयुष्यात याच्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळालं नाही. त्या माणसाला माझा आवाज येईनासा झाला आणि त्याने मला कळवलं नाही. मी ते सहन केलं असतं का, मला माहीत नाही. कदाचित तुम्हाला तेच माहीत होतं.

काल लताबाई आली होती. इकडेतिकडे करत शेवटी मुद्द्यावर आली. "वहिनी, ते स्पीकर तुम्ही काय करणार? तुम्ही तर ऐकत नाही. मी घेतले असते." मग स्वतःच म्हणाली, "पण पोराने भाऊंचं लिहिलेलं वाचून दाखवलं. बायकांचं बोलणं येत नाही म्हणे त्याच्यात. मला तर नुसत्या मालिकाच बघायच्या. तुमचं काय मत?"

माझं मत! पन्नास वर्षांत स्पीकरवर माझं मत पहिल्यांदा कोणी विचारलं.

मी गप्प बसू शकत होते. स्पीकर खराब आहेत म्हटलं असतं, तर तुमचा कान शाबूत राहिला असता. तुमचं नाव गल्लीत तसंच राहिलं असतं. पण मग न्हाणीतली गोष्टही तशीच राहिली असती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या राहू शकत नव्हत्या.

मी म्हटलं, "स्पीकर चांगले आहेत. टाळही येतात, बायकांचं बोलणंही येतं. ह्यांनाच ऐकू येत नव्हतं."

"काहीतरीच काय वहिनी! भाऊंना? आणि त्या दिवशी तर मी उभी होते. ते म्हणाले, हाक आली."

"खोटं बोलले. नव्हती आली."

"अगं बाई." ती खाली बसली. "मग मी सगळ्या गल्लीत सांगितलं ते..."

"तू ऐकलंस ते सांगितलंस. आता हे सांग. घरोघर जाऊन सांग, तेव्हा गेली होतीस तशी. भाऊ बहिरे होते. हाक ऐकू आली असती तर बसून राहिले नसते."

तिने एकेक डबा काखेत घेतला. बारीक आवाजाचं बटण कुठवर ठेवायचं ते मी तिला दाखवलं. दारापर्यंत गेली आणि वळली.

"वहिनी, हे भाऊंना आवडलं नसतं हो."

"नसतंच आवडलं," मी म्हटलं. "मला तरी चार महिने कुठे आवडलं होतं?"